तिसऱ्या आवाजाचे बारीक स्वर

माझी मधली एक पांढरी पट्टी शेजारणींपेक्षा किंचित खाली बसली आहे. फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नसेल. डोळ्यांना तो दिसत नाही, बोट आडवे फिरवले तर मात्र जाणवतो. एकाच सुरावर थांबून विचार करण्याची एका बाईची सवय, एवढेच त्याचे कारण.

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. पट्टी दाबली की सूर देतो आणि तोच सूर तारेतून संगणकाच्या पडद्यावर उमटवतो. जुनी वस्तू बोलू लागली की गोड आठवणीच सांगणार, असे तुम्हांला वाटत असेल. मला मात्र राग आला आहे.

कारखान्यात मला जोडणाऱ्या मुलीने माझी प्रत्येक पट्टी दाबून, कान लावून पाहिली होती. या घरातल्या वडिलांनी मला आणले ते थोरल्या मुलासाठी, दादासाठी. दादाने मला चार दिवस बडवले आणि पलंगाखाली ढकलले. माझ्या डोक्यावर चपलांचा खोका आला. धाकट्या बहिणीने मला ओढून बाहेर काढले, मऊ फडक्याने फटी पुसल्या, आणि तेव्हापासून मी तिचा झालो.

आता ती प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. घरी आली की हातपाय धुऊन माझ्यापुढे बसते. दूरच्या ग्रंथालयांनी शेकडो वर्षांपूर्वीच्या संगीताच्या हस्तलिखितांची छायाचित्रे नेटवर ठेवली आहेत. ती त्यांतला एकेक सूर माझ्यावर वाजवून आजच्या लिपीत संगणकावर उतरवते. हाच तिचा छंद. त्या काळी चार आवाजांचे, म्हणजे चौघांनी एकदम आपापल्या चालीत म्हणायचे गाणे चार वेगळ्या वह्यांत लिहीत. ज्याची वही त्याच्यापुढे. चारी जुळल्या तरच गाणे उभे राहते.

एका गाण्याची तिसरी वही हरवली होती. बाकीच्या तिघांच्या चालीवरून तिने तिसरा आवाज अंदाजाने रचला. कित्येक संध्याकाळी त्यात गेल्या. तो तिने मुद्दाम बारीक स्वरांत, म्हणजे इतरांहून लहान आकाराच्या स्वरचिन्हांत लिहिला. पाहणाऱ्याला लगेच कळावे, की हे जुन्या रचनाकाराचे नव्हे, उतरवणारीचे अनुमान आहे.

दादा एव्हाना एका गायकवृंदाचा प्रमुख झाला होता. तो येई, "काय मॅडम मिलिमीटर, झालं का?" म्हणे आणि तयार प्रती घेऊन जाई. या गाण्याचे बारीक स्वर त्याने सरळ मोठे केले. म्हणे, आमच्यातल्या चष्मेवाल्यांना दिसत नाहीत. कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग आमच्या खोलीत वाजले. शेवटी कोणी जाणकार सांगत होते, तिसऱ्या आवाजाची ती उतरण म्हणजे जुन्या गुरूंच्या प्रतिभेचा कळस. दादा म्हणत होता, "अगदी खरं." ते सूर माझ्या पट्ट्यांवर जन्मले होते. माझा नुसता जळफळाट झाला.

सगळे काम नेटवर मोकळे ठेवावे, ज्याला हवे त्याने गावे, असे तिच्या मनात फार दिवसांपासून होते. दादा म्हणे, "आधी आमचा कार्यक्रम होऊ दे." ती म्हणे, "बरं." या 'बरं'चाही मला राग येई.

मग हरवलेली वही सापडली. एका ग्रंथालयाने त्या वहीची छायाचित्रे नेटवर ठेवली. तिने खरा तिसरा आवाज माझ्यावर वाजवला. जिथे तिने तो पायरी पायरीने उतरवला होता, तिथे तो जागचा हललाच नव्हता. बाकीचे तिघे येऊन त्याच्यावर आपटत होते आणि तो एकच सूर धरून उभा होता. ती हसली. "चुकले की मी," म्हणाली. चुकल्याचा इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादा आणि वहिनी आले. तिच्या प्रतींवरून दादाचे गाण्यांचे पुस्तक छापायला चालले होते. तिने दोन्ही आवाज वाजवून दाखवले.

"तुझाच बरा आहे की," दादा म्हणाला. "हा आपला खांबासारखा उभा."

"बरा असेल. पण त्या जुन्या गुरूंचा नाही."

"मग ते काय येतायत भांडायला?"

"वन्सं, कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव घालायचं राहिलं म्हणून रागावलात का?" वहिनी म्हणाल्या. "पुढच्या खेपेला घालू हो."

"नावाचं नाही, वहिनी. माझा अंदाज लोक त्यांचा म्हणून गातायत."

"अजून दोन वृंदांनी हीच प्रत मागितलीय," दादाचा आवाज चढला. "त्या उतरणीवर प्रस्तावनेत दोन पानं लिहून बसलोय मी. आता मला तोंडघशी पाडणार? घरातली गोष्ट आहे, घरात राहू दे." असे म्हणत त्याने कोपर माझ्यावर टेकले. सगळ्या पट्ट्या एकदम किंचाळल्या.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना झाकून ठेवा, पुसून ठेवा, तेवढे पुरते. पण कोणी जपून केलेले काम तुमच्या हाती आले, तर तेही जपा. 'हे मला नक्की ठाऊक नाही' अशी खूण त्याने केली असेल, तर ती सोयीसाठी खोडू नका. मला वेळीच ओरडून सांगता आले नाही.

तिने दादाचे कोपर उचलून बाजूला केले. मला वाटले, आता पुन्हा 'बरं' येणार.

"दादा, मी सगळं काम आज नेटवर टाकतेय, सगळ्यांसाठी. या गाण्याखाली लिहिणार आहे, की आधीचा तिसरा आवाज माझा होता, आणि तो चुकीचा होता."