शिळं पाणी

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी घरात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. मी चार दिवस राहायला आले होते. सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या नळाखाली काचेची लहान नळी धरली, तिच्यात बाटलीतले दोन-चार थेंब टाकले आणि ती खिडकीच्या उजेडात नेली. पाणी पिवळं झालं.

"उत्तम," ते म्हणाले.

बाबा शहराच्या पाणीपुरवठ्याचे मुख्य अभियंता होते. निवृत्त झाले तरी हा सोपस्कार सुटला नाही. पाणी पिवळं झालं म्हणजे त्यात क्लोरिन आहे, जंतू मेलेले आहेत, शहर सुखरूप आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील सकाळी उठून पाणी पिवळं करतात.

आई मागच्या अंगणात बादल्या भरत होती. नळाजवळ भरायची आणि दोन्ही हातांनी उचलून पार पलीकडे, हौदाशेजारच्या उन्हात नेऊन ठेवायची.

"चोवीस तास पाणी आणलं मी या शहरात," बाबा खिडकीतून म्हणाले, "आणि माझीच बायको बादल्या भरून ठेवते. कुणी बघितलं तर काय अब्रू राहील?"

"सवय झालीय. धुण्याला लागतं," आई म्हणाली. मग ती हौदाच्या कठड्यावर टेकली आणि डावा हात चोळत राहिली. "आज हात फारच भरून आलाय."

"हात नाही, बादली भरून आलीय. अर्धी भरत जा."

आधी आईच हसली, मग आम्ही. या घरात बाबांच्या विनोदाला पहिलं हसायचा मान तिचा होता.

ती हसत असतानाच हौदातले मासे तिच्या पायांच्या सावलीत जमले होते. केशरी, ठिपक्यांचे, एक जवळजवळ पांढरा. सगळ्यांत थोराड होता त्याचं नाव साहेब. खाणं यायला उशीर झाला की तो तोंड फुगवून पाठ फिरवायचा आणि तळाशी जाऊन बसायचा. "साहेब, चुकलं हं," आई हलक्या आवाजात म्हणायची, "या आता वर, गार होतंय." हे नाव कुणावरून ठेवलं ते तिला आणि मला माहीत होतं. बाबांना वाटायचं, मासा रुबाबदार आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. बरेच दिवस दुखत असणार, हातात, पाठीत. बोलल्या नाहीत का कधी?

त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबांनी तेच सांगितलं. "एका शब्दाने बोलली नाही मला. एका शब्दाने!" त्यांच्या आवाजात दुःख होतं, नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याहून अधिक तक्रार होती, एखाद्या कर्मचाऱ्याने अर्ज न देता रजेवर जावं तशी. येणारे मान हलवायचे. "वहिनी होत्याच सोशिक," असं कुणीतरी म्हणायचं आणि चहाचा कप खाली ठेवायचं. सोशिक हा शब्द मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकला की मुद्रितात दिसला असता तर मी लाल शाईने काढून टाकला असता. माझं कामच ते, दुसऱ्यांची पुस्तकं छापण्याआधी वाचणं आणि जास्तीचे शब्द काढणं. ते कुठेही बसून करता येतं, म्हणून मी परत गेले नाही.

माणसांची ये-जा थांबली त्या सकाळी बाबा बाह्या सरसावून अंगणात उतरले. "तिचे मासे आता मी बघणार," ते म्हणाले. ते मनापासून म्हणत होते. म्हणूनच पुढचं सगळं आणखी वाईट.

आधी त्यांनी आईच्या बादल्या पालथ्या केल्या. "डासांची पैदास," ते म्हणाले आणि बादल्या एकात एक घालून अडगळीच्या खोलीत ठेवून आले. मग अर्धा हौद उपसला. भिंतींवरचं शेवाळ घासून काढलं, रबरी नळी लावली आणि हौद काठोकाठ भरला. पाणी इतकं नितळ झालं की तळाचा प्रत्येक खडा दिसू लागला. "बघ," ते मला म्हणाले, "याला म्हणतात पाणी. इतकी वर्षं त्या गढुळात राहायचे बिचारे."

संध्याकाळी पांढरा मासा आडवा तरंगत होता.

"म्हातारा असेल," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं पाणी बदललं. पुन्हा दोन मेले. उरलेले पाण्यावर येऊन तोंडं उघडत-मिटत होते आणि त्यांचे कल्ले आतून लाल झाले होते.

मग चौकशी सुरू झाली. बाबांच्या खात्यात कुठे पाणी खराब आलं की अशीच चौकशी व्हायची. पाणी सोडून सगळ्यांवर संशय. पहिला संशय मांजरावर, पण मांजर मासा खातं, तरंगत ठेवत नाही. मग शेजारच्या काकूंवर. त्यांनी मधल्या भिंतीला नवा रंग दिला होता.

"तुमच्या रंगाचे शिंतोडे उडालेत इकडे," बाबा भिंतीवरून म्हणाले.

"माझा रंग कधीच वाळला हो," काकू म्हणाल्या. "तुमचे मासे काय भिंत चाटायला आले होते?" मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "जाऊ दे बाई. मुक्या जिवांना कळतं सगळं. मालकीण गेली ना त्यांची."

मासे विकणाऱ्या दुकानदारानेही तेच सांगितलं आणि वर निळ्या औषधाची बाटली दिली. दुःखावर निळं औषध चालतं हे मला नवीन होतं. हौद निळा झाला आणि आणखी एक मासा गेला. 'दुःखाने मेले' हे सगळ्यांनाच आवडलं. बाबांनाही. त्यांनी ते फोनवर दोघातिघांना सांगितलं. पण दुःखानेच मरायचं होतं तर घरात आणखीही उमेदवार होते, आणि ते दोन वेळा व्यवस्थित जेवत होते.

निळं पाणी काढायचं म्हणून बाबांनी त्या दिवशी जवळजवळ सगळाच हौद उपसला. त्यानंतर साहेब तेवढा उरला. तो आता तोंड फुगवत नव्हता. नळीतून पाणी पडायचं त्या जागेपासून लांब, कोपऱ्यात वर येऊन धापा टाकायचा. मी कठड्यावर बसून त्याच्याकडे बघत होते. हा एक वाचावा एवढंच मला हवं होतं. आईने हाताने भरवलेलं, तिच्या आवाजाला वर येणारं एवढंच काहीतरी या घरात शिल्लक होतं.

खाली बघता बघता माझं लक्ष फरशीवर गेलं. हौदाच्या कडेला पांढरट वर्तुळं होती, एकाशेजारी एक. वर्षानुवर्षं एकाच जागी बादली ठेवली की बुडाचा क्षार बसतो, तशी. धुण्याचा दगड अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, नळाला लागून. मग धुण्याचं पाणी ती दुखऱ्या हातांनी इथवर का आणायची?

मी मावशीला फोन लावला. आईची धाकटी बहीण, आईचं सगळं तिला ठाऊक.

"अगं, ते माशांचं पाणी," ती म्हणाली. "शिळं पाणी. एक दिवस उन्हात ठेवायचं, मग थोडं थोडं घालायचं. नळाचं ताजं घातलं की मासे मरतात. क्लोरिन उडून जायला नको का?"

"तिला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? हौद बांधला तेव्हाचे पहिले मासे असेच गेले ना! ती भाऊजींना म्हणाली, पाण्याने तर नसेल? झालं. अख्खं शहर माझं पाणी पितं, कुणी मेलं का? असं म्हणून भाऊजी ताटावरून उठले. आठवडाभर अबोला. तू लहान होतीस. मग ताईने बादल्या सुरू केल्या आणि धुण्याचं नाव पुढे केलं. दोघी कितीदा हसलोय आम्ही त्यावर." ती हसली, मग हसू मध्येच तुटलं. थोड्या वेळाने म्हणाली, "हे बघ, तू भाऊजींना काही सांगू नकोस हं. त्यांना लागेल."

आई मेली होती, मासे मेले होते, आणि तरी त्यांना लागणार होतं.

मी अडगळीतून बादल्या काढल्या आणि भरून त्या वर्तुळांवर ठेवू लागले. वर्तुळं आणि बुडं अचूक जुळत होती. तिसरी बादली नेताना बाबा दारात आले.

"हा काय पसारा?"

"धुण्याला लागतं," मी म्हणाले.

ते शब्द माझ्या तोंडून अगदी सहज निघाले. आवाजसुद्धा तिचाच, जरासा हसरा, समोरच्याला सांभाळून घेणारा. बाबांनी मान हलवली, जशी ते नेहमी हलवायचे, आणि मी बादली खाली ठेवली. आणखी वीस वर्षांनी मी इथेच हात चोळत बसलेली मला दिसले.

बाबा हौदाजवळ गेले होते. "याचं काही खरं नाही," ते साहेबाकडे बघत म्हणाले. "गुदमरतोय. ताजं पाणी देतो त्याला." त्यांनी रबरी नळी उचलून हौदात सोडली आणि नळाकडे वळले.

मी आधी पोहोचले आणि नळावर हात ठेवला.

"सरक."

"बाबा, तुमची पेटी आणू का? पाणी तपासायची?"

"हौदाचं पाणी? ते काय तपासायचं?"

"तपासा ना. माझ्यासाठी."

कुणीतरी त्यांना त्यांच्या विषयातलं विचारत होतं, हे त्यांना बरं वाटलं असावं. मी पेटी आणली. त्यांनी गुडघा टेकून काचेची नळी बुडवली, थेंब टाकले आणि नळी उन्हात धरली. सकाळीच त्यांनी हौद भरला होता. पाणी पिवळं झालं, स्वयंपाकघरात व्हायचं तसंच. त्यांच्या तोंडून सवयीने 'उत्तम' निघायला आलं आणि अर्ध्यात थांबलं.

बाबा मूर्ख नाहीत. ते नळीकडे बघत राहिले, मग साहेबाच्या लाल कल्ल्यांकडे. मग खाली, बादल्यांकडे. ते कठड्यावर बसले, अगदी आई बसायची त्याच जागी.

"त्या बादल्या," ते म्हणाले.

"हो. शिळं करून घालायची ती. पहिल्यापासून."

"आणि मी रोज…"

"हो."

मी एका रिकाम्या बादलीत घरातल्या माठातलं कालचं पाणी आणून ओतलं आणि साहेबाला ओंजळीने उचलून तिच्यात सोडलं. जगेल की नाही सांगता येत नव्हतं. तो एका कुशीवर कलला, पुन्हा सरळ झाला. त्याच्या पाठीची खरखर माझ्या तळव्याला लागून राहिली होती.

बाबांनी काचेची नळी कठड्यावर ठेवली. मला वाटलं, आता ते रडतील, आणि रडले असते तर मी कदाचित गप्प बसले असते. मावशीचं ऐकून मी विषय बदलला असता, चहा ठेवला असता. पण त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. भेटायला येणाऱ्यांसमोर व्हायचा तसाच तो झाला, अन्याय झालेल्या माणसाचा.

"इतकी वर्षं," ते म्हणाले. "इतकी वर्षं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. मी काय परका होतो? विचारायचं, सांगायचं. दुखत होतं तेही नाही, हेही नाही. का? एका शब्दाने बोलली नाही मला ती, एका शब्दाने…"

"तुम्हाला घाबरायची ती, बाबा," मी म्हणाले. "आई तुम्हाला घाबरायची. मीही घाबरते."