रोशनी माझ्यावर हलकी भरली तेव्हा

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगू का, आता पार थकलोय. गोल तबकडी, लांब सुई, खाली आकडा आणि त्याला लटकवलेली कापडाची झोळी, एवढाच माझा संसार. १९९३ साली कारखान्यातून निघालो आणि थेट पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आलो. अंगणवाडीच्या वाशाला मला टांगलं आणि तेव्हापासून दर महिन्याला पाड्यावरची पोरं माझ्यावर लाथा झाडत रडत आली. कुणी झोळी ओली करायचं, कुणी सुईलाच हात घालायचं. तरी मी कधी कुरकुर केली नाही.

अंगणवाडीच्या सरुबाई माझं भारी कौतुक करायच्या. "काटा खोटं बोलत नाय," असं येईल त्याला सांगायच्या. मलाही ते खरं वाटायचं. चढलं होतं थोडं डोक्यात, कबूल करतो.

मग तो चैत्र आला. देवराम आणि पुतळाबाई लासलगावकडे कांदे काढून पाड्यावर परतले. सोबत त्यांची दोन वर्षांची रोशनी. जाताना ती साडेआठ किलो भरली होती. आता माझी सुई साडेनऊवर जाऊन थांबली. पुतळाबाईचा चेहरा उजळला. "पाहा ताई, गाल कसे भरलेत!" सरुबाईंनी तक्त्यावर ठिपका दिला. मीही फुशारलो.

पण पोर रडली नाही. हात नाही, पाय नाही, काहीच हलवलं नाही तिनं. नुसती लोंबत राहिली. ते सरुबाईंना खटकलं. त्यांनी तिच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला, आणि तो तसाच राहिला.

"पुतळे, पोर जाड नाय झाली गं. सुजलीय. काय खाऊ घालत होतीस?"

"पेज. तिकडं तिला लय जुलाब झाले. डाळ जड पडंल म्हणून दोन महिने भाताची पेजच दिली."

मला मेल्याला लाज वाटली, मित्रांनो. अंगात साचलेलं पाणी मी मांस म्हणून मोजलं होतं.

त्याच दिवशी पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, औषध दिलं. आधी दूध, साखर, तेल, तेही चमच्या-चमच्यानं. चार दिवसांनी घरी सोडलं आणि रोज अंगणवाडीत आणायला सांगितलं. सरुबाई पुतळाबाईला समजावून सांगायच्या, "भात-नागलीनं खेळायला बळ येतं. खुरासणीच्या तेलाचा थेंब पडला की त्या घासाला जोर येतो. पण अंग बांधायला डाळ, कुळीथ, अंडंच लागतं. ते नसलं की पोट भरतं आणि पोर आतून रिकामी राहते."

दहाव्या दिवशी रोशनीला माझ्यावर पुन्हा टांगलं. सुई आठ किलोवर आली. गाल बसले होते, फासळ्या दिसत होत्या. पुतळाबाईला रडूच कोसळलं. "ह्याच्यासाठी रोज आणत होते का तुमच्याकडं? माझी पोर वाळवून टाकली तुम्ही. मी न्हेते तिला."

"अगं, सूज उतरली म्हणून वजन उतरलं. आता खरं भरंल. एवढा आठवडा थांब."

ती ऐकेना. तिनं झोळी सोडवली, पोरीला कडेवर घेतलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, नको नेऊस, मागच्या खेपेला मीच चुकलो होतो. पण सुईला कुठली वाचा?

पुतळाबाई दारापर्यंत गेली. तिथं अंगणवाडीची मदतनीस अंबूबाई पोरांसाठी उकडलेली अंडी सोलत बसली होती. रोशनीनं मान वळवली. कित्येक दिवसांत कशाकडे न बघणारी ती पोर आईच्या कडेवरून वाकली आणि हात पुढे करून म्हणाली, "दे."

पुतळाबाई दारातच खाली बसली. अंबूबाईनं अर्धं अंडं कुस्करून हातावर ठेवलं. पोरीनं ते खाल्लं आणि परत हात पुढे केला. पुतळाबाईनं उरलेलं अंडं घेतलं आणि स्वतःच्या हातानं भरवायला लागली.

आता माझी स्प्रिंग सैल झालीय, सुई अडकते. मला काढून टाकतील, टाकू देत. मित्रांनो, घरात धाकटं भावंड असेल तर त्याचं वजन जरूर करा, पण नुसत्या आकड्यावर भुलू नका. त्याच्या ताटात डाळ आहे का ते बघा. आणि खेळणारं लेकरू गप्प बसायला लागलं, तर काटा काहीही सांगो, त्याला दवाखान्यात न्या.