जमिनीचा डिटेक्टर, समुद्राची वाळू

“समुद्राची ओली वाळू जमिनीत धरायची की पाण्यात?”

समाधानने हे विचारलं तेव्हा मी सिल्वासाच्या एका दुकानात हुकाला लटकत होतो. दुकानदार फोनवर होता. त्याने उलट विचारलं, “जमीनवाला दूं या बीचवाला?” आणि पुन्हा फोनला लागला. बीचवाला माझ्या शेजारीच टांगलेला होता. वाळूवर माणूस उभा राहतो, म्हणजे ती जमीनच, असं समाधानने ठरवलं आणि मला ओढून घेतलं.

मी मेटल डिटेक्टर बोलतोय, जमिनीचा. खेरडीच्या एका शेतात मी ढेकळांखालचा नांगराचा तुटका फाळ लगेच दाखवून दिला. समाधान नाचलाच. पण खारी ओल मला धातूसारखीच वाटते. माझी घडणच तशी. खोक्यावर तसं लिहिलंय, इंग्रजीत. समाधान सातवी सोडून फॅक्टरीत आलेला.

त्याला हवं होतं एक चांदीचं कडं. त्याचा थोरला भाऊ गोकुळ दमणला लाटेत ओढला गेला. समाधानने त्याचं मनगट धरलं होतं. मनगट निसटलं, हातात कडं राहिलं, आणि पुढच्या लाटेने तेही नेलं. गोकुळ दुसऱ्या दिवशी सापडला, कडं नाही. त्यांच्या आईने, बायडाबाईने, ते नवसाचं म्हणून गोकुळच्या हातात घातलेलं. ते मिळाल्याशिवाय अस्थी सोडणार नाही, असं तिने सांगून टाकलं. टोकरखाड्यातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीबाहेर झाडाला अस्थींचं गाठोडं लटकत राहिलं. घरमालक रोज कुरकुरायचा.

दर रविवारी आम्ही दमणला. ओल्या वाळूवर टेकवलं की मी किंचाळायचो. समाधान गुडघाभर खणायचा, खड्ड्यात पाणी भरायचं. दोन पावलं पुढे पुन्हा तेच. “खोटारड्या,” म्हणत त्याने मला आपटलं. माझी दांडी तेव्हापासून वाकडी आहे. मलाही त्याचा संताप यायचा. बहिऱ्याला गाणं ओळखायला लावायचं आणि वर मारायचं, हा कुठला न्याय?

तो मला घेऊन दुकानात भांडायला गेला. “अरे, खारे पानी में ये चिल्लाएगाच,” दुकानदार म्हणाला. विकलेला माल तो परत घेत नव्हता.

आता मी खोलीत माळ्यावर पडून आहे. दुकानदारांनो, एवढंच मागतो, कुणी काही विचारलं तर फोन बाजूला ठेवा.

पण शेवटचा रविवार सांगायचा राहिला. त्या दिवशी बायडाबाई हट्टाने सोबत आली, गाठोडं छातीशी धरून. कडं मिळालं की दोन्ही एकदम सोडायचं, म्हणून. दुकानात काय कळलं ते तिला सांगायची समाधानची हिंमत झाली नव्हती. त्याने मला सुरू केलं. मी ओरडत सुटलो, पार पाण्याच्या कडेपर्यंत. ती मागे मागे चालत होती. मग थांबली.

“आठे बी शे म्हणस, तठे बी शे म्हणस,” ती माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. “मंग एकच जागा कसाले खणस रे?”

कडं इथेही आहे, तिथेही आहे, असंच तिने माझ्या ओरडण्यातून ऐकलं होतं. आणि तिने गाठोड्याची गाठ सोडली.

समाधानचं बोट मला बंद करायच्या बटणावर होतं. माय, हे नुसतं मीठ आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं. त्याने बोट काढून घेतलं. ती पाण्यात उतरून गाठोडं रिकामं करेपर्यंत तो मला वाळूवरून फिरवत राहिला.