दोरीची गाठ आणि घोडवाट

ट्रेव्हर प्रीसच्या मेंढ्या पुन्हा डांबरी रस्त्यावर गेल्या होत्या. त्यांना हाकून आणता आणता त्याची न्याहारी थंड झाली आणि डोकं तापलं.

"घोडेस्वारच!" चिखलाचे बूट दारात आपटत तो बायकोवर ओरडला. "फाटक उघडायचं आणि तसंच टाकून जायचं. यांच्या बापाचं शेत आहे का?"

"माझ्यावर कशाला ओरडतोस? मी काय घोडी आहे?" ग्लेनिस म्हणाली. "बेकन खा आधी."

पण ट्रेव्हरने बेकन खाल्लं नाही. गवताचे गठ्ठे बांधायची निळी दोरी घेतली, टेकडीवर गेला आणि फाटकाला अशी गाठ मारून आला, की मारणाऱ्यालाही सुटू नये. त्या फाटकातूनच जुनी घोडवाट जाते. इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या त्या डोंगरात अशा वाटा जागोजाग आहेत. जमीन शेतकऱ्याची, पण घोड्यावरून जायचा हक्क सगळ्यांचा.

संध्याकाळी मुरियल गिटिन्स दारात हजर! या बाईचं वय पंचाहत्तरीच्या पुढं, कंबर दुखरी, पण जीभ ठणठणीत. गावातली चार माणसं गोळा करून ती दर महिन्याला त्या वाटेवरची काटेरी झुडपं छाटायची. पगार नाही, मानपान नाही.

"ट्रेव्हर, ती गाठ सोड."

"का? खाली उतरा, सोडा, जा. पाय मोडलेत का तुमचे?"

"उतरायला काय, पोतंसुद्धा घोड्यावरून उतरतं! परत चढवणार कोण, तू? आणि वाट बंद झाली की घोड्यावर बसायला शिकणाऱ्या आमच्या पोरी खालच्या रस्त्यानं जातात. तिथं लॉऱ्या कशा धावतात ते तुझ्या मेंढ्यांना विचार."

"मग तुमच्या पोरींना फाटक लावायला शिकवा!"

"ते तुझं खरं आहे," ती म्हणाली. "पण कुणा एका बेफिकिराच्या पापापायी तू सगळा गाव बांधून ठेवलास."

ट्रेव्हरनं दार लावून घेतलं. सुंभ जळतो, पीळ काही जळत नाही!

आठवडा गेला. एका पावसाळी दुपारी ग्लेनिसची हाक आली आणि तिच्या आवाजानं ट्रेव्हरच्या हातातली बादली निसटली. अंगणात टॉफी उभी होती, मुरियलबाईची तपकिरी घोडी. लगाम तुटलेला, खोगीर भिजलेलं. खोगिरावर कुणी नाही!

ग्लेनिसनं बाईच्या फोनवर फोन लावला. तो घोडीच्या पाठीवरच्या पिशवीत वाजू लागला.

"ती टेकडीवरच्या फाटकाकडून आली असेल," ग्लेनिस हळूच म्हणाली.

ट्रेव्हर धावत सुटला. त्या निसरड्या चढावर एकच विचार त्याला टोचत होता : गाठ मी मारली, गाठ मी मारली. फाटकापाशी पोहोचला तर दोरी अर्धवट ओरबाडलेली आणि चिखलात एक हातमोजा.

"मुरियलबाई!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला.

"बोंबलू नकोस, मेंढ्या बुजतील," काटेरी कुंपणाआडून आवाज आला. "येताना चहा आणलास का?"

देवा! ट्रेव्हर कुंपणाला वळसा घालून धावला. म्हातारी दगडावर बसली होती, घोटा सुजलेला, ओठ निळे, पण जिवंत. गाठ सोडायला ती उतरली, थंडीनं बोटं चालेनात, तेवढ्यात झुडपातून पाखरू फडफडलं, टॉफी उधळली आणि तिच्या हिसक्यानं बाईचा घोटा मुरगळला.

"फोन घोड्यावर ठेवू नका, अंगावर ठेवा, असं मी पोरींना शिकवते," ती कुरकुरली. "आणि स्वतः शहाणी!"

ट्रेव्हरनं कोट काढून तिच्या अंगावर घातला. मग खिशातला चाकू काढून दोरीकडे वळला.

"थांब!" मुरियलबाई म्हणाली. "नुसती कापलीस तर उद्या मेंढ्या रस्त्यावर आणि परवा तू नवी दोरी घेऊन इथं. शनिवारी आमच्याबरोबर कामाला ये. कायमचं निस्तरू."

शनिवारी तो आला, कुदळ घेऊन. आल्याआल्या निळी दोरी कापून त्यानं खिशात घातली. मुरियलबाईची माणसं आपणहून लागणारं नवं फाटक घेऊन आली होती, घोड्यावरून हात पोचेल असा उंच दांडा असलेलं. पण जुनं काढण्याआधी मुरियलबाईनं काठी टेकत हुकूम सोडला, "आधी याला टॉफीवर बसवा. ज्याचं फाटक, त्यानं एकदा वरून उघडून दाखवावं."

ट्रेव्हर चढला. कडीसाठी वाकला, टॉफी एक पाऊल सरकली आणि गडी घोडीच्या मानेला मिठी मारून लोंबकळू लागला!

"लग्नात मला तरी अशी मिठी मारली होतीस का रे?" पुडिंगचं ताट घेऊन आलेली ग्लेनिस म्हणाली. सगळे हसले. ट्रेव्हरही हसला आणि मग एकदम गंभीर झाला.

"आजवर हे फाटक मी पायी येऊन उघडलं," तो म्हणाला. "वरून कसं दिसतं ते आज कळलं. चुकलो मी."

"आमचंही चुकलं," मुरियलबाई म्हणाली आणि मागं उभ्या घोडेस्वारांवर फिरली. "ऐकलंत ना? यापुढं ज्यानं फाटक उघडं टाकलं, त्याच्या हाती वर्षभर काटे छाटायचा कोयता!"

दुपारी नवं फाटक उभं राहिलं. ट्रेव्हर पुन्हा टॉफीवर बसला, दांडा ओढला, पलीकडे गेला. मागं फाटक आपोआप लागलं. खट्! मेंढ्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

तर मंडळी, आपल्या दारावरूनही कुणाची तरी वाट जातेच. ती अडवण्याआधी एकदा तिच्यावरून जाऊन बघा. आणि सगळ्यांची वाट म्हणजे कुणाचीच नाही, असं समजू नका. ज्यानं उघडलं त्यानं लावावं, आणि जो चालतो त्यानं काटेही छाटावेत. निळ्या दोरीचा तो तुकडा ट्रेव्हरनं टाकला नाही. आता दर महिन्याला काटे छाटायला जाताना त्याच दोरीनं तो आपल्या कोयत्याची मूठ बांधतो.