सासूवरचा निबंध

इरावती मॅडम निबंध वाचत होत्या आणि वर्ग चक्क ऐकत होता.

बोरिवलीच्या त्या कॉलेजात रविवारी बाहेरून बी.ए. करणाऱ्यांचे वर्ग भरतात. कुणी नोकरीवाले, कुणी चार पोरांच्या आया, आणि सगळ्यांच्या वाटेत एकच धोंड: इंग्रजी लेखन. या वेळचा विषय होता, माझ्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती.

"हर जेंटल स्माइल वॉज अ लॅम्प इन अवर डार्कनेस," मॅडम वाचत होत्या.

रत्नप्रभाला वाटलं, कुणाची तरी आई फारच गुणी होती बिचारी. पहाटे उठायची, कधी आवाज चढवायची नाही, घरादाराला घास भरवून उरलंसुरलं खायची आणि शेवटी कॅन्सरनं हसतहसत गेली. शेजारच्या निधीनं तर ओढणीनं डोळे टिपले.

"अँड धिस इज बाय," मॅडमनी पान उलटून नाव पाहिलं, "रत्नप्रभा परब."

टाळ्या पडल्या. रत्नप्रभानं आधी मागे वळून पाहिलं.

तिची आई कणकवलीला खुशाल होती. सकाळीच फोनवर गुडघ्यांचं गाऱ्हाणं घालून झालं होतं.

तिनं लिहिलं होतं गेलेल्या सासूवर. घरात सगळे तिला आये म्हणत. मॅडमनीच सांगितलं होतं, "जे डोळ्यांनी पाहिलंय तेच लिहा. चुकू दे. चुका मी बघते." हे ऐकून रत्नप्रभाला इतका धीर आला की ती बालवाडीतल्या पोरांना झोपवता झोपवता मनात इंग्रजी जुळवायला लागली. चारकोपच्या त्या बालवाडीत ती वर्षानुवर्षं मदतनीस होती. मोठ्या बाईंनी सांगून टाकलं होतं, "परब, पदवी झाली की वर्ग तुमचा. नाही तर आहेतच डबे आणि शी-शू."

आठवडाभर खपून तिनं पेन्सिलीनं लिहिलं. माय मदर-इन-लॉ वॉज नॉट गुड वुमन. शी बीट मी वन टाइम विथ पळी. पळीला इंग्रजीत काय म्हणतात ते तिनं कुणाला विचारलं नाही. पळी ती पळी. पुढे लिहिलं की आये कोळंबी सोलायच्या कामाला जायची, हातांचा वास जायचा नाही, आणि त्याच वासात बाळ झोपायचं. लग्नानंतर दहावीला बसायचं काढलं तेव्हा घरात एकटी आयेच म्हणाली होती, "जा गो. पोराक मी बघतंय. नापास झालंस तर घरात घेवचंय नाय." परीक्षेच्या शाळेच्या पायरीवर ती बाळ मांडीवर घेऊन बसली. शिपाई उठवायला आला तर त्याच्या सात पिढ्या काढल्या. वर्गात पेपर लिहिताना रत्नप्रभाला त्या शिव्या ऐकू येत होत्या आणि त्या येत होत्या तोवर बाळ ठीक आहे, हे कळत होतं. शी शाउट, आय राइट, असं तिनं लिहिलं होतं. त्या ओळीवर ती मनातून खूश होती.

फक्त टाइप करायला म्हणून तिनं ते सुशांतकडे दिलं. पायरीवरचं ते बाळ आता पवईला ऑफिसात होतं. त्यानं मागच्या रविवारी सकाळी छापील पानं हातात ठेवली. तिनं वरचं नाव आणि नंबर तेवढा पाहिला. एवढं स्वच्छ छापलेलं उलटंपालटं करून हाताळायचं तिच्या जिवावर आलं.

"एक सांगून ठेवते," मॅडम वर्गाला म्हणत होत्या, "नेटवरून उचलणाऱ्या तिघांना मी शून्य दिलंय. त्यांना परीक्षेला बसता येणार नाही. रत्नप्रभाताई, उभ्या राहा. केवढी सुधारणा! सगळं तुमचं तुम्हीच लिहिलंत ना?"

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. कौतुकानं. तेच वाईट होतं.

"हो, मॅडम," रत्नप्रभा म्हणाली.

"आई कधी गेल्या?"

"झाली बरीच वर्षं."

जिन्यात निधीनं गाठलं. "काकू, काय झकास लिहिता यार! मला पाठवा ना. माझं शून्य आलंय. पुढच्या वर्षी दुसऱ्या सेंटरला बसेन, तेव्हा नाव-गाव बदलून टाकते."

"घरी गेल्यावर पाठवते."

घरी सुशांत मॅच बघत होता. त्यानं तिच्या तोंडाकडे न बघताच विचारलं, "किती?"

"वीसपैकी अठरा."

"बघ! मी बोललो होतो ना?"

"सुशांत, आजी कुठाय त्यात?"

"अगं, सासूवर कोण लिहितं? त्यात पळीनं मारलं, शिव्या दिल्या. लोक काय म्हणतील? मोबाइलला सांगितलं, आईवर चांगलं करून दे. दोन मिनिटांत दिलं."

"माझ्या आईला मारलंस तू."

तो हसला. "मी नाही, मोबाइलनं. कॅन्सरशिवाय रडू येत नाही गं कोणाला."

"तुला घेऊन बसली होती ती पायरीवर."

"मला काय आठवतंय?" मग आवाज उतरवून म्हणाला, "आई, तुझं इंग्लिश वाचलं ना, मला कसंतरीच झालं. तुला कोणी हसायला नको, एवढंच."

पोरगा वाईट नव्हता. हेच तर. त्याच्यावर धड चिडताही येईना.

"माझी पानं दे."

"ती? रद्दीत गेली बहुतेक."

सुशांतकडून मोबाइलवर मागून घेऊन तिनं निधीला निबंध पाठवून दिला. लगेच हात जोडलेले आले, लाल बदाम आले. मग भात टाकून ती ओट्यापाशीच एक कोरा कागद घेऊन उभी राहिली. मॅडमना द्यायचं नव्हतं, मार्क नकोत. आपलं आपल्याजवळ असावं, एवढंच. सगळं तर पाठ होतं.

माय मदर-इन-लॉ वॉज, तिनं लिहिलं, आणि पुढे हातानं आपोआप लिहिलं, अ लॅम्प. तिनं ते खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, तर पुन्हा तेच गुळगुळीत शब्द, टाळ्या मिळालेले, पुढे येऊन उभे. तिचे स्वतःचे शब्द त्यांच्या मागे कुठेतरी राहिले, लाजल्यासारखे.

मग तिनं लिहायचं सोडून डोळे मिटले. शब्द नाही तर नाही, आयेला नुसतं बघून तरी घेऊ.

शाळेची पायरी दिसली. उन्हात शिपाई दिसला. आये बाळ मांडीवर घेऊन बसली होती, शिपायाला काही म्हणत नव्हती. ती मंद हसत होती.

आये जन्मात कधी तशी हसली नव्हती.