फळीवरचे गोल

ओट्यावरच्या लांब फळीवर आठ पांढरे गोल होते. बाकीची फळी काजळीने काळीकुट्ट झाली होती. पण आग लागली तेव्हा ज्या ज्या जागी काही ठेवलेलं होतं, तिथला रंग जसाच्या तसा राहिला होता. अंगणात चादरीवर मांडलेल्या वस्तू ती एकेक करून आत आणत होती आणि आपापल्या गोलात बसवून बघत होती. साखरेचा डबा बसला. मिठाची बरणी बसली. चहाचा डबा, पिठाचे दोन डबे, तेलाचं भांडं, सगळे जागेवर बसले. झाकण वितळून वाकडा झालेला प्लॅस्टिकचा डबासुद्धा मुकाट्याने बसला. आठव्या गोलाला मात्र मालक सापडेना.

"शास्त्रज्ञबाई, खेळ झाला असेल तर बाजूला व्हा," आत्या म्हणाली. तिच्या हातात ओलं फडकं होतं.

"ओल्या फडक्याने नको ना गं. काजळी आणखी मुरते. काल सांगितलं त्यांनी."

काल संध्याकाळी आग विझल्यावर अग्निशमन दलाच्या प्रमुखाने फाटकाशी उभं राहून बरंच काही सांगितलं होतं. मेन स्विच चालू करू नका. धूर लागलेलं खाणं टाकून द्या. आत जाताना पायात बूट हवेत. कशालाही हात लावण्याआधी फोटो काढा. कारण शोधायला तपासनीस उद्या दुपारी येईल. तिने हे सगळं क्रमाने पाळलं होतं आणि आत्याने क्रमाने मोडलं होतं. सकाळी शेजाऱ्यांकडे सगळे झोपेत असताना आत्या चपला घालून गुपचूप घरात शिरली आणि इतक्या काळ्या पसाऱ्यातलं एकच पातेलं घासून लख्ख करून ठेवलं. बंबाच्या माऱ्याने बरंच काही खाली पडलं होतं, त्यात शेगडीपाशी साचलेल्या पाण्यात सापडलेलं, ते.

त्या पातेल्यावरूनच तर सगळं ठरलं होतं. शेगडीची बटणं वितळून गेली होती, त्यामुळे गॅस चालू राहिला होता की नाही, हे कुणाला सांगता येईना. आत्याला विचारलं तेव्हा तिने एकदा बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, पातेलं ठेवून विसरले असेन. वर्षभर ती चष्मा विसरायची, किल्ल्या विसरायची, गोष्ट सांगताना मधेच कुणाची गोष्ट ते विसरायची. सगळ्यांना लगेच पटलं. बाबांनी तिथल्या तिथे धाकट्या काकाला फोन लावला. त्याच्याकडे दिवसभर बाई असते, लक्ष राहील. आज संध्याकाळी तो आत्याला न्यायला येणार होता. काही दिवसांसाठी, असं सगळेच म्हणत होते आणि म्हणताना एकमेकांकडे बघत नव्हते. तिची आई गेली तेव्हा आत्या अशीच काही दिवसांसाठी या घरी आली होती आणि वीस वर्षं राहिली होती.

"आत्या, इथे काय असायचं?" तिने आठव्या गोलावर बोट ठेवलं.

"असेल काहीतरी. मला कुठे काय आठवतंय आता."

आणि आत्याचं फडकं नेमकं त्याच गोलाकडे निघालं. तिने आत्याचं मनगट धरलं.

"सगळं घर काळं पडलंय, आणि तू पांढरं पुसतेयस?"

आत्याने दाराकडे पाहिलं. बाहेर बाबा सतरंज्या झटकत होते. मग तिची नजर भिंतीकडे गेली, काल जिथे फ्रिज होता तिकडे. तिथे प्लगपाशी मुठीएवढा काळा डाग होता आणि वर जाता जाता तो नरसाळ्यासारखा रुंद होत छताला भिडला होता. प्लगपर्यंत वायर पुरत नव्हती, म्हणून गेल्या महिन्यात बाबांनीच तिला तुकडा जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली होती.

"त्याच्या हातची जोडणी आहे," आत्या हळू आवाजात म्हणाली. "जन्मभर लोकांच्या घरी वायरिंग केलं त्याने. कुणाची साधी ठिणगी उडाली नाही. मी विसराळू आहेच. आणखी एक माझ्या नावावर गेलं तर काय बिघडलं?"

"संध्याकाळी तू इथे नसशील, हे बिघडलं."

आत्या फडकं पिळत राहिली. त्यात पिळण्यासारखं पाणी उरलं नव्हतं.

सतरंज्यांचा आवाज थांबला. बाबा दारात येऊन उभे राहिले.

तिने आत्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"बाबा, तुमचा टेप आहे का?"

तो नेहमीप्रमाणे त्यांच्या खिशातच होता. कशाला, असं न विचारता त्यांनी सवयीने एक टोक धरलं. गोल सतरा सेंटिमीटर भरला. तिने अंगणातून घासलेलं पातेलं आणलं आणि गोलात ठेवलं. बुडाभोवती सगळीकडून पांढरी कडा दिसत राहिली. बूड मोजलं. चौदा.

म्हणजे पातेलं फळीवर नव्हतंच? आत्या खरंच विसरली होती?

"जुळत नाही," ती म्हणाली.

"झालं समाधान?" आत्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "आता पुसू दे."

बाबा हलले नाहीत. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. मग फ्रिजमागच्या त्या भिंतीकडे, खालून वर, सावकाश, एखाद्या अनोळखी घरातली वायर कुठून कुठे गेली आहे ते शोधावं तसं. मग त्यांनी आत्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि नळावर टाकलं.

"तू कधी भांडी लावली असतीस तर तुला कळलं असतं," ते लेकीला म्हणाले. "ताई पातेलं असं ठेवत नाही. घासलं की पालथं. आत ओल राहते म्हणून आमची आई तिला ओरडायची. तरी पालथंच."

"अरे, राहू दे ना आता," आत्या म्हणाली.

बाबांनी पातेलं उचलून पालथं घातलं. ते गोलावर टेकलं. पांढरी कडा कुठेच उरली नाही. तरीही त्यांनी ते पुन्हा उचललं, त्याच्या तोंडावर टेप आडवा धरला आणि दिवा नव्हता म्हणून खिडकीपाशी नेऊन डोळ्यांजवळ धरला.

"सतरा," ते म्हणाले.