तुळयांवरचे शिक्के

नवऱ्यामागे वखार मी बावीस वर्षं चालवली. शाळा चौथीपर्यंतच, पण हरसूलकडचा साग कोणता आणि परका कोणता, हे मी लांबून सांगायचे. २००७ साली माझ्या धनराजनं गंगापूर रस्त्याला म्हाताऱ्यांच्या वसाहतीचं काम घेतलं आणि सभागृहाच्या छपराला चिकटवलेल्या लाकडाच्या तुळया आणल्या. मी म्हटलं, "हे लाकूड आहे का खारी बिस्कीट? नुसते थर."

"आई, फळ्या दाबून चिकटवल्यात. सागाची एवढी लांब तुळई आता मिळते कुठं?"

"मिळत नाही म्हणून म्हाताऱ्यांच्या डोक्यावर डिंक ठेवायचा?"

धनराज हसला. सावळीराम मिस्त्री हसला नाही. तो आमच्याकडे माझ्या लग्नाआधीपासून होता. आता साठी उलटलेली, बायको अंथरुणाला खिळलेली, भाड्याची खोली पत्र्याची. हे काम झालं की वसाहतीचं ट्रस्ट त्याला दुरुस्तीला कायम ठेवणार होतं, वसाहतीत राहायला खोली देऊन. बायकोला उजेडाची खिडकी मिळेल, एवढंच तो बोलायचा.

तुळया चढवायच्या दिवशी धनराज मनमाडला गेला. जाताना सावळीरामला बजावून गेला की तुळयांना रंधा लावायचा नाही. मी पूजेला गेले तर प्रत्येक तुळईवर काळा इंग्रजी शिक्का. आमच्याकडं फॉरेस्टचा शिक्का तासल्याशिवाय लाकूड छपराला चढत नसे. शिक्का आहे तोवर माल सरकारचा, घरधन्याचा नाही, असं सासरे मानायचे.

"शिक्के काढ," मी म्हणाले.

"वैनी, धनूशेठ नको म्हणालेत."

"धनूशेठला न्हाऊ कोणी घातलं? काढ."

त्यानं बाराही तुळयांवरचे शिक्के रंध्यानं काढले. एकच बाजू उजळ दिसायला लागली, म्हणून दुसरीही मीच रंधायला लावली. मग टोकांना हळदकुंकू लावलं. दोन दिवसांत तुळया चढल्या.

आठवड्यानं पुण्याची इंजिनिअर पोरगी आली, मनाली. परांचीवर चढली, खाली वाकून बघितलं, वरून हात फिरवला.

"शिक्के कुठायत?"

ती परांचीवरून खाली उतरली.

"कोणती बाजू वर, ते त्या शिक्क्यावर होतं. भार पेलणाऱ्या मजबूत फळ्या खालच्या थरांत असतात. उलटी बसली तर तुळई मोडूही शकते. आता यातल्या उलट्या कोणत्या, मी कशी सांगू?"

सावळीराम पुढं झाला. "मी रंधले, ताई. माझंच डोकं फिरलं."

"खोटं बोलू नको," मी म्हणाले. "मी सांगितलं म्हणून रंधले त्यानं."

पोरगीनं वही मिटली. "आजी, पण यांना नको म्हणून सांगितलेलं होतं ना?"

मी धनराजकडं बघितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "आई, इथल्या कुठल्याच कागदावर तुझं नाव नाही. त्याचं आहे."

बाराही तुळया उतरवल्या. ट्रस्टनं ठरवलं, नको म्हटलेलं काम करणारा माणूस दुरुस्तीला ठेवायचा नाही. म्हणजे खोली गेली. सावळीराम मला एका शब्दानं बोलला नाही. "वैनी, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका," म्हणाला आणि हत्यारं गोणपाटात गुंडाळायला बसला.

सोमवारी मी इरकल नेसून ट्रस्टच्या हापिसात गेले. आयुष्यात कोणापुढं पदर पसरला नव्हता. टेबलामागं ज्योत्स्ना नावाची मुलगी होती. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रंगीत चित्रांचं पुस्तक पुढं सरकवलं.

"आजी, एकटीसाठी घर बघताय का जोडीनं?"

"मला साहेबांना भेटायचंय. सावळीराम मिस्त्रीचं बोलायचंय. चूक माझी आहे."

"त्यांचं झालं, आजी. दुरुस्तीला दुसरे मिस्त्री ठरलेसुद्धा." तिनं फॉर्म काढला. "तुमचं वय सांगा. मुलगा आहे ना? त्यांची सही लागेल."

"मी राहायला नाही आले, बाई."

"सगळे आधी असंच म्हणतात," ती प्रेमानं म्हणाली आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.